काखेतल्या गाठी काढल्यानंतर दंडाची आग थांबत नाही – फिजिओथेरपीने कुणाला गुण आला आहे का?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतो आहे. वय ६१. उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्याच वेळी काखेतल्या गाठीही काढल्या. आज अकरा आठवडे झाले. जखम छान भरली, टाक्यांची काही तक्रार नाही.

त्रास वेगळाच आहे. काखेपासून कोपराच्या चार बोटं वरपर्यंत, दंडाच्या आतल्या बाजूला तिला सतत आग होते. मध्येच सणक येते, वीज चमकल्यासारखी. गंमत नाही, खरंच सांगतो, पंख्याचा वारा लागला तरी ती कळवळते. सगळ्या ब्लाउजांची उजवी बाही कापून टाकली आहे. आणि तोच भाग चिमटा काढला तर बधिर! ती म्हणते, "दुखतंय तिथेच काही कळत नाही, असं कसं रे?" मला उत्तर देता येत नाही.

दुखू नये म्हणून ती हात पोटाशी धरून बसते. त्यामुळे आता खांदा आखडला. हात कानापर्यंतही जात नाही. केमोच्या दोन सायकल राहिल्या आहेत, मग रेडिएशन. रेडिएशनला हात डोक्यावर घेऊन निश्चल झोपावं लागतं असं सांगितलंय. मला खरी काळजी त्याची आहे.

सर्जन म्हणाले, नस दुखावली आहे, वेळ लागेल. प्रेगाबालिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी सुरू केली. आग थोडी कमी झाली, पण गुंगी येते. फिजिओथेरपी करा म्हणाले. घराजवळ एका ठिकाणी दहा दिवस नेलं. रोज शेक आणि मशीन, वीस मिनिटांत बाहेर. हात कसा वर जातो हे एकदाही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी शेकाने दंडावर फोड आला, बधिर असल्यामुळे तिला कळलाच नाही. आता ती फिजिओचं नावही काढू देत नाही.

या दुखण्यात फिजिओथेरपी नक्की काय करते? घरी काय करता येईल? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

शेवंती

तुमच्या आईंना सांगा की हे त्यांना एकट्यांनाच होत नाही. माझं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. बाही कापण्याचं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं, मी घरात नवऱ्याचे जुने बनियन घालून बसायचे. मला सगळ्यात वाईट वाटायचं ते लोकांच्या बोलण्याचं. "एवढ्या मोठ्या आजारातून वाचलीस आणि कातडीचं काय घेऊन बसलीस?" असं म्हणायचे.

ते दुखणं खरं आहे. आणि ते कमी होतं. माझं पूर्ण गेलं नाही, तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, पण आग गेली. मला शेकाने नाही, हात लावण्याच्या व्यायामाने गुण आला. सविस्तर कुणी जाणकार सांगेल.

रानजाई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मिरजेला. चौदा वर्षं हेच काम करते आहे. आधी त्या फोडाबद्दल वाईट वाटलं. बधिर कातडीवर शेक द्यायचा नसतो, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला तर मुळीच नाही, कारण त्या हाताला सूज यायची भीती कायम असते. हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात.

आता आईंचा प्रश्न. दुखतंय तिथेच कळत नाही असं कसं? छातीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीमधून एक बारीक नस निघते. काखेतल्या चरबीतून, गाठींच्या मधून वाट काढत ती दंडाच्या आतल्या कातडीपर्यंत जाते. इंटरकॉस्टोब्रेकियल तिचं नाव. हात हलवणं हे तिचं काम नाही, ती फक्त स्पर्श कळवते. गाठी काढताना ती ताणली जाते, कधी कापावीच लागते. मग खरी खबर पोहोचत नाही, म्हणून बधिर. आणि दुखावलेलं टोक कारण नसताना आपणहून खबरा पाठवत राहतं, म्हणून आग. वर मज्जारज्जू आणि मेंदू त्या भागाच्या बाबतीत इतके सावध होतात की वाऱ्याची झुळूकही त्यांना चटका वाटते. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच जागी खऱ्या असतात.

घरी करायचं ते असं.

पहिलं म्हणजे स्पर्शाची सवय. दुखऱ्या भागाच्या मध्यात हात घालायचा नाही. कडेला जिथे स्पर्श सहन होतो तिथून सुरुवात. आधी डाव्या दंडावर तेच कापड फिरवायचं, डोळ्यांनी बघायचं, कसं वाटतं ते लक्षात घ्यायचं, मग उजवीकडे. आईंनी स्वतःच्या हाताने करायचं, तुम्ही नाही. आपला हात कधी थांबणार हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे मेंदू घाबरत नाही. सुरुवात रेशमी पदराने. मग धुऊन मऊ झालेलं सुती कापड, मग कापूस, मग टर्किश टॉवेल. एका वेळी दोन ते पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. एकदम अर्धा तास करून उपयोग नाही. दहापैकी चार दुखत असेल तर सहाच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि थांबल्यावर थोड्या वेळात ते खाली यायला हवं. रात्रभर ठणकलं तर डोस जास्त झाला, दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर या.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अशा दुखण्यात हलकं घासणं सगळ्यात जास्त झोंबतं, स्थिर दाब त्यामानाने सोसतो. म्हणून ढगळ बाही वाईट, ती सारखी लागत राहते. मऊ, अंगाला नीट बसणारी बाही बरी. तळवा दंडावर नुसता ठेवून, न हलवता, दहा श्वास बसायचं. कपडा लागून आग उसळली की हेच करायचं.

दुसरं, खांदा. हा थांबू शकत नाही, रेडिएशन समोर आहे. उताणं झोपून दोन्ही हातांची बोटं गुंफायची आणि डाव्या हाताच्या आधाराने उजवा वर न्यायचा, जिथे ताण लागतो तिथे थांबायचं. नंतर भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची आणि पोहोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची.

काखेत सुतळीसारखी ताठ दोरी हाताला लागते का ते बघा, कधी ती कोपरापर्यंतही जाते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत अशा दोऱ्या बऱ्याच जणींना येतात आणि हात वर न जाण्याचं कारण तीच असू शकते. घाबरायचं कारण नाही, त्या सुटतात. पण तिथे फिजिओचा हात लागतो, व्हिडिओ पाहून करू नका.

आणि एक विचारते, दोन्ही हातांच्या बोटांना किंवा तळपायांना मुंग्या येतात का? काही केमोच्या औषधांनीही नसांना त्रास होतो, तो बोटांच्या टोकापासून आणि दोन्ही बाजूंना सुरू होतो. तसं असेल तर पुढच्या सायकलच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

इंद्रायणीकाठ

ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. नस आपणहून खबरा पाठवते हे ऐकून म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही." बोटांना मुंग्या नाहीत. काखेत दोरी लागते, दोन.

मशीनबद्दल विचारायचं होतं. त्याचा काही उपयोग असतो का?

रानजाई

असतो, पण मर्यादित. तुम्ही सांगता ते बहुधा टेन्स. कातडीवर चिकटपट्ट्या लावून सौम्य विजेची झिणझिण देतात. गुडघा टेबलावर आपटला की आपण नकळत चोळतो आणि बरं वाटतं ना, तत्त्व तेच. स्पर्शाच्या खबरेने दुखण्याच्या खबरेची वाट मज्जारज्जूतच अडते, हा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला आणि टेन्स त्यातूनच पुढे आलं. आराम मिळतो तो बहुतेकदा मशीन चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ. त्या वेळात व्यायाम करून घ्यायचा, हा त्याचा खरा उपयोग. नुसतं मशीन लावून घरी पाठवणं ही निम्मी फिजिओथेरपीसुद्धा नाही.

पेसमेकर असलेल्यांनी वापरायचं नाही. पूर्ण बधिर कातडीवर पट्ट्या लावायच्या नाहीत. कॅन्सरच्या जागी किंवा आसपास लावण्याआधी तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तर नाहीच. त्या दहा दिवसांत हे कुणी विचारलं होतं का?

इंद्रायणीकाठ

नाही.

कोकणकडा

माझं दुखणं वेगळं, कमरेच्या चकतीचं ऑपरेशन. पण धडा इथे कामाचा वाटला म्हणून लिहितो. ऑपरेशननंतर कंबर बरी झाली, मात्र मांडीच्या मागून पोटरीपर्यंत ओढ आणि पावलाच्या कडेला जळजळ राहिली. नस आखडली आहे असं मीच ठरवलं आणि पायात टॉवेल अडकवून सकाळ-संध्याकाळ जोर लावून ताणू लागलो. तीन दिवसांत झोप उडाली.

फिजिओने सांगितलं, दुखावलेल्या नसेला ताण नको, सरकणं हवं. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर करायची, गुडघा वाकवताना हनुवटी छातीकडे. एका टोकाला नस ओढली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला ढील मिळते, त्यामुळे ती आपल्या वाटेत मागेपुढे सरकते. दहा वेळा, कुठेही न थांबता, दुखण्याच्या अलीकडेच. इतकं सोपं की मला ते व्यायाम वाटेचना. पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा एसटीने रत्नागिरी ते कोल्हापूर बसून गेलो.

रानजाई

अगदी बरोबर. जोर लावणं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी सवय आहे. स्नायूला ताण सोसतो, नसेला नाही सोसत. (आईंची नस कातडीची आहे, तिच्यासाठी असा वेगळा सरकण्याचा व्यायाम नाही. पण काखेतल्या दोऱ्यांसाठी हात बाजूला घेऊन मनगट हळू वरखाली करण्याचा उपयोग होतो.)

माणदेशी

आमच्या गावाकडे एक मालिशवाले आहेत, नसा मोकळ्या करतात. माझ्या मेहुण्याचा पाय त्यांनीच बरा केला. मावशींना एकदा दाखवून आणा, पैसेही घेत नाहीत.

रानजाई

दादा, तुमच्या मेहुण्यांना गुण आला याचा आनंद आहे, आणि पैसे न घेता लोकांना हात देणाऱ्या माणसाबद्दल मी वावगं बोलणार नाही. पण या मावशींच्या हाताला जोरकस मालिश धोक्याची आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर हातातलं पाणी वाहून नेणारी वाट अरुंद झालेली असते. रगडल्याने सूज आली तर ती जन्माची सोबत होऊ शकते. शिवाय बधिर भागात किती जोर पडतोय ते त्यांना कळणारही नाही. कृपया नेऊ नका.

माणदेशी

हे माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

त्रिवेणी

मध्येच विचारते, माफ करा. मिस्टरांचं कमरेचं ऑपरेशन झालं, परवाच घरी सोडलंय. आज सकाळपासून लघवी होत नाहीये आणि बसायची जागा बधिर झाली आहे म्हणतात. पायातही जोर कमी वाटतोय. हे नस दुखावल्यामुळेच असेल ना? कोणता व्यायाम द्यावा?

रानजाई

ताई, व्यायाम नाही. वाचणं थांबवा आणि त्यांना घेऊन आत्ता निघा. जिथे ऑपरेशन झालं तिथे सर्जनला फोन करून वाटेला लागा, ते दूर असेल तर मेंदू-मणक्याचे डॉक्टर असलेल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात. लघवी अडणं आणि बसायची जागा बधिर होणं म्हणजे खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो. यात तास मोजायचे असतात. सकाळपर्यंत थांबू नका.

शेवंती

ताई, पोहोचलात की एक ओळ टाका. आम्ही वाट बघतोय.

त्रिवेणी

(दोन दिवसांनी) रात्रीच एमआरआय झाला. आत रक्त साकळून नसा दबल्या होत्या, पहाटे पुन्हा ऑपरेशन केलं. अजून नळी आहे, पण पायात जोर येतोय. सकाळपर्यंत वाट बघितली नाहीत ते बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले. रानजाईताई, काय लिहू कळत नाही.

दूरदेशी

मी सोलापूरची, सध्या इंग्लंडमध्ये नर्स आहे. बाबांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला. नसलेल्या पायाचा अंगठा कुणीतरी पिळतंय असं ते म्हणायचे. घरी सगळ्यांना वाटायचं, धक्का बसलाय, भास होतोय. मी व्हिडिओ कॉलवर रडायचे.

तिथल्या फिजिओंनी आरशाचा व्यायाम दिला. शिंप्याकडे असतो तसा उभा आरसा दोन्ही पायांच्या मध्ये ठेवायचा, चांगला पाय आरशात दिसेल असा. आरशात बघत चांगल्या पायाची बोटं हळूहळू उघडायची, मिटायची. बघणाऱ्याला दोन्ही पाय धडधाकट दिसतात. १९९० च्या दशकात डॉ. रामचंद्रन यांनी अमेरिकेत हात गमावलेल्या माणसांवर हा उपाय करून पाहिला. सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही. बाबांना पहिल्या आठवड्यात तर चक्कर आल्यासारखं झालं, म्हणून पाच मिनिटांवर आणलं. दोन महिन्यांत अंगठा "सुटला" असं ते म्हणाले. कधीतरी परत येतो, पण आता त्यांना काय करायचं ते ठाऊक आहे.

पायवाट

गुडघा बदलल्यानंतर जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिर आणि चादर लागली की चुरचुर. हेही तेच का?

रानजाई

हो. गुडघ्याच्या पुढून आडवी जाणारी कातडीची बारीक नस त्या चिऱ्यात सहसा कापली जाते. खूप जणांना होतं, गुडघ्याच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही. स्पर्शाचा व्यायाम तोच. जखम पूर्ण सुकली असेल तरच. पण पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

परळकर

फिजिओ कसा निवडायचा यावर थोडं. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ साली देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, हाजीअलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. दोन्हीकडे सामान्य माणसाला परवडतं. बाकी शहरांत फिजिओथेरपी कॉलेजांची ओपीडी बघा, विद्यार्थी तपासतात, पण वर शिक्षक उभे असतात आणि वेळ भरपूर देतात. फिजिओथेरपीची पदवी असते, राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला लाजू नका. माझी स्वतःची कसोटी एकच आहे, पहिल्या दिवशी हात लावण्याआधी किती प्रश्न विचारले?

इंद्रायणीकाठ

धागा वर काढतो आहे. सहा आठवडे झाले.

परळकरकाकांच्या सांगण्यावरून एका कॉलेजच्या ओपीडीत नेलं. पहिल्या दिवशी पाऊण तास नुसती तपासणी. कापूस आणि बोथट सुई फिरवून त्या मुलीने आईच्या दंडावर पेनने दुखऱ्या भागाची सीमा आखली. आई त्या रेषेकडे बघत राहिली. म्हणाली, "एवढाच आहे होय? मला वाटलं, अख्खा हात गेला."

दर पंधरा दिवसांनी रेषा पुन्हा आखतात. काखेच्या बाजूने ती तीन बोटं आत आली आहे, कोपराकडून काहीच नाही. दोऱ्यांपैकी एक सुटली. खांदा चांगला आला, भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा कॅलेंडरच्या खिळ्याला लागल्या. केमोनंतरचे तीन-चार दिवस काहीच करत नाही, तिला जमत नाही. मग पुन्हा रेशमापासून सुरुवात करावी लागते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती खचली होती. सगळं वाया गेलं म्हणाली. पण दुसऱ्यांदा आठ दिवसांत टॉवेलपर्यंत परत पोहोचली.

गुंगीबद्दल डॉक्टरांशी बोललो, त्यांनी गोळीची वेळ बदलून रात्रीची केली. स्वतःहून बंद करायची नाही हे बजावून सांगितलं.

ताई, आईने तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. टॉवेलच्या पुढे काय करायचं हे तुम्ही लिहिलं नव्हतं, तर तिने स्वतःच शोधलं. जुन्या धोतराच्या फडक्यात तांदूळ बांधून पुरचुंडी करते आणि दंडावरून लाटण्यासारखी फिरवते. तांदूळ सोसले की मूग. रवा घेऊ नका म्हणते, तो फडक्यातून बाहेर येऊन चुरचुरतो.

रानजाई

पुरचुंडी मी उद्यापासून माझ्या रुग्णांना सांगणार आहे. आईंना विचारून सांगा, मूग अख्खे की डाळ?

इंद्रायणीकाठ

अख्खे. डाळीला कडा असतात म्हणते. सोमवारी रेडिएशनची मापं घ्यायला बोलावलंय, हात वर ठेवून वीस मिनिटं. काल घरी घड्याळ लावून करून पाहिलं, चौदा झाली.